नसलेल्या गाडीचं तेल

हे मी सुधाकरलाही सांगितलेलं नाही, आणि सुधाकर माझा नवरा आहे, रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो. बहिणीला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की म्हणूनच हे सोपं वाटतंय? बघू. अर्ध्यात अडखळले तर अडखळले.

मी यवतमाळला राहते. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. मला गाडी चालवता येत नाही. सुधाकरच्या स्कूटरमध्ये कोणतं तेल घालतात हेही मला आजपर्यंत माहीत नाही. आणि एका विशिष्ट जातीच्या जुन्या गाडीत कोणतं तेल घालावं, यावर मात्र मी तासभर बोलू शकते. विचित्र आहे ना?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दुपारी कूलरसमोर पडल्या पडल्या, फोनवर एक जुनी जर्मन गाडी पाहिली. बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीची वाटावी अशी. इंजिन मागच्या बाजूला. दाखवणारा म्हणाला, हिला रेडिएटर नाही, पाणी लागतच नाही. ही वाऱ्यावर आणि तेलावर थंड राहते. मी उठूनच बसले. तेलावर? तेल तर घर्षण कमी करायला असतं. तेच तेल उष्णताही वाहून नेत असेल तर ते तापणार, तापलं की पातळ होणार, आणि पातळ झालं की धातू धातूला घासणार. मग दाट तेल घ्यावं? पण दाट तेल सकाळी गार इंजिनात वर चढणार कसं? आणि आमच्या मे महिन्यात — जिथे सकाळही गार नसते — तिथे हे गणित कसं बदलेल?

मला दुसरं काही सुचेना. ऑइलच्या दुकानात जाऊन मी चार प्रकारच्या लहान बाटल्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, "कोणत्या गाडीत टाकाचं हाय मॅडम?" मी म्हणाले, भावाच्या. मला भाऊ नाही. खोटं कसं सहज येतं बघा, पाय पुसून घरात आल्यासारखं. गच्चीवर चार वाट्या मांडून, प्रत्येकीतून एकेक थेंब तिरप्या ताटावर सोडून, कोणता आधी खाली पोचतो ते मी बघत बसे. सकाळी एक निकाल, दुपारी दुसरा. सुधाकर वर येऊन म्हणाला, "तुले काय करा लागते ह्या तेलाचं?" मी म्हटलं, काही नाही, बघून राह्यली. ते मात्र खरं होतं.

मग जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर गेले. फोन सुधाकरच्या नावावर, म्हणून तिथे नाव त्याचं पडलं. पहिल्याच उत्तराला कोणीतरी लिहिलं, "धन्यवाद सर." मी दुरुस्त केलं नाही. हळूहळू माझी क्रियापदं बदलली — मी वाचलं होतं, मी करून बघितलं यांना लिंग नसतं. पण "मी म्हणालो", "मी गेलो" हे पहिल्यांदा लिहिताना हात थांबला होता. दुसऱ्यांदा थांबला नाही. कोणी फोन करू का विचारलं की मी लिहायचे, कानाला कमी ऐकू येतं.

पण हे ते नव्हे. हे नाव बदलण्याचं मी हसत हसतही सांगू शकले असते. कुणाचं काय बिघडलं त्यानं?

तिथे नाशिकचे जयवंतराव होते. त्यांच्या थोरल्या भावाची तशीच गाडी शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती. भाऊ आता थकले होते, नजर गेली होती, पण जयवंतरावांनी खटपट करून इंजिन चालू केलं तेव्हा काठी टेकत अंगणात आले आणि आवाजावरून म्हणाले, "तिसरा सिलिंडर नीट बोलत नाहीये." जयवंतरावांनी हे इतक्या आनंदानं लिहिलं होतं! प्रश्न एवढाच होता, आता हिच्यात तेल कोणतं घालू? आजवर साधं, जुन्या पद्धतीचं खनिज तेल होतं. तेच ठेवू, की नवं सिंथेटिक घालू?

कोल्हापूरचे एक वकील म्हणाले, साधंच ठेवा. मी म्हणाले, सिंथेटिक. फक्त तापल्यावरही दाट राहणारं घ्या, आणि त्यात जस्ताचा अंश पुरेसा आहे ना ते बघा, जुन्या इंजिनाला तो लागतो. कागदावर हे बरोबर होतं. आजही बरोबर आहे. वकील म्हणाले, "पुस्तकातलं सांगू नका. तुमची स्वतःची गाडी आहे का?"

मी लिहिलं, आहे. दोन उन्हाळे हेच तेल वापरतोय, यवतमाळच्या उन्हात. एक थेंब गळत नाही.

वाद तिथेच संपला. मला काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. वर्गात अवघड गणित सुटल्यावर वाटायचं ना, तसं वाटलं.

आणि एक गोष्ट मी लिहिली नाही. नव्या तेलात इंजिन धुऊन काढणारी द्रव्यं जास्त असतात. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाच्या तळाशी जो काळा गाळ बसलेला असतो, तो ती सोडवतात. तो सुटलेला गाळ तेलाच्या जाळीत अडकू शकतो, आणि जाळी तुंबली की इंजिनाला तेल मिळत नाही. म्हणून आधी तळ उघडून साफ करायचा. हे मी वाचलं होतं. वाद चालू असताना मला ते आठवतही होतं. पण ते लिहिलं असतं तर वकिलांची बाजू थोडी खरी ठरली असती.

पुढचा मार्च. सकाळी जयवंतरावांचा निरोप आला — सर, तुम्ही सांगितलेलं तेल घालून गाडी सुरेख पळतेय; तुम्हाला न सांगता निघालोय, तुमची गाडी बघायची आणि पाया पडायचं. दारव्हा सोडलं, आता यवतमाळ जवळच. मी भाजी चिरत होते, तशीच बसून राहिले. काय दाखवणार होते मी त्यांना? गच्चीवरच्या वाट्या? थोड्या वेळानं दुसरा निरोप: तेलाचा लाल दिवा लागला, आतून ठोकल्यासारखा आवाज आला, बोरी अरबपाशी बंद पडलोय.

मी सुधाकरला म्हणाले, मैत्रीण आजारी आहे, आणि बस पकडली. का गेले? मदतीला, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होते. खरं सांगू? मला ते इंजिन बघायचं होतं. मी त्या जातीची गाडी डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

रस्त्याकडेला बाभळीच्या विरळ सावलीत ती उभी होती. वाटली होती त्याहून लहान, फिकट पिवळी. भोवती आठ-दहा माणसं. एक म्हातारे शेतकरी वाकून विचारत होते, "काहून हो, पाणी कुठी टाकता इच्यात?"

दुसऱ्यानं उत्तर दिलं, "पाणी लागतच नाही म्हंते थे."

"मंग थंडी कशानं होते?"

मला उत्तर ठाऊक होतं, ओठांवर होतं. जयवंतराव घामेजलेले, हाताला काळं लागलेलं, सत्तरीचे असतील; त्यांनीच सांगितलं, "तेलानं बाबा. तेल आणि वारा."

मी पुढे झाले. विचारलं, बघू का? त्यांना वाटलं, रस्त्यानं जाणारी कोणी बाई. त्यांनी मागचं झाकण पूर्ण उघडून दिलं. काय सांगू तुम्हाला — तो पंखा, ते पातळ धातूचे पापुद्रे, सगळं आपापल्या जागी! मी विचारत सुटले. हे कशाला, ते कुठे जातं, वारा आत कुठून येतो? ते प्रत्येक प्रश्नाला खुलून उत्तर देत होते. तेल मोजायची पट्टी त्यांनी काढून दाखवली. मी थेंब बोटांत घेऊन चोळला, वास घेतला. जळका. आणि बोटांत बारीक कचकच. मी तिथेच ओळखलं.

"तुम्हाला यातलं कळतं?" ते म्हणाले.

"यवतमाळला रसायन शिकवायची मी."

"मग आमच्या सरांना भेटाच तुम्ही. तुमच्या यवतमाळचेच आहेत. ह्या गाडीतलं तेल त्यांनीच सांगितलं." मग ओशाळून म्हणाले, "त्यांना कळवलंय, पण उत्तर नाही. ऐकू कमी येतं हो त्यांना. थांबा, परत एकदा बघतो." आणि त्यांनी फोन लावला.

माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. मी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली. समोर ते फोन कानाला लावून उभे, माझ्याकडे बघून हसत, आणि माझ्या तळव्यांना त्यांचा फोन कळतोय. किती वेळ? फार नसेल. तोंड उघडायला पुरेसा होता.

"नाही उचलत," ते म्हणाले. "असू द्या. माणूस देवासारखा आहे."

मी त्यांना माझ्याकडची पाण्याची बाटली दिली. म्हणाले, इंजिन आता फिरवू नका, उचलूनच न्या. एवढाच एक खरा सल्ला त्यांना माझ्या तोंडून मिळाला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही भेटलात, बरं वाटलं." परतीच्या बसमध्ये मी लिहिलं — माफ करा, अचानक नागपूरला आलोय, चार दिवस परतणार नाही.

तुम्ही म्हणाल, हीच ती गोष्ट. मीही बरेच दिवस तसंच समजत होते. भित्रेपणा, झालं. भित्रेपणा माणसाला परवडतो, तो आपल्यावर येऊन पडल्यासारखा असतो.

पण तो नाही. पुढचं मी निवांत बसून केलं.

महिन्याभरानं जयवंतरावांनी ग्रुपवर लिहिलं. इंजिन उघडलं, जाळी गाळानं बंद झालेली होती, आतला दांडा आणि त्याचे आधार जळाले. सुटे भाग मिळत नाहीत. त्यांनी मला दोष दिला नव्हता, नुसतं विचारलं होतं — सर, तुमच्या गाडीत असं काही झालं होतं का? तुम्ही काय काळजी घेतली होती?

वकील तिथे होतेच. सगळेच वाचत होते. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी, चहा झाल्यावर, हे लिहिलं:

"तेल बदलण्याआधी तळ आणि जाळी साफ करायची असते, ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे. आपण ती केली असेल असं मी गृहीत धरलं होतं. मी माझ्या गाडीत ती केली होती."

हे ते वाक्य. घाबरून लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं, "प्राथमिक"मधली वेलांटी ऱ्हस्वच आहे ना ते तपासलं, "आपण" असं आदरानं लिहिलं, आणि पाठवलं. ज्या माणसानं मला बोरी अरबला गाडीचं पोट उघडून दाखवलं, त्याला मी सगळ्यांसमोर निष्काळजी ठरवलं — जी गोष्ट मी त्याच्यापासून राखून ठेवली होती, तीच त्याच्यावर टाकून.

त्यांनी लगेच उत्तर दिलं. "खरं आहे सर. चूक माझीच. घाई केली." वकिलांनीही लिहिलं, की आता पटलं.

गाडी त्यांनी होती तशी विकली. भाऊ आता अंगणात येत नाहीत, एवढं एकदा कळवलं, आणि नंतर ग्रुपवर त्यांचं नाव दिसेनासं झालं.

मी अजून तिथे आहे. सुधाकरच्या नावानं. गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या एका मुलीनं विचारलं, तिच्या आजोबांच्या गाडीचं इंजिन डोंगर चढताना फार तापतं, तेल जरा दाट घेऊ का? प्रश्न फार चांगला होता. चढावर गाडीचा वेग कमी, म्हणजे वारा कमी. मग सगळा भार तेलावरच येणार. मी वाट्या काढल्या, गच्चीवर गेले. संध्याकाळी तिला सविस्तर उत्तर लिहिलं, जाळी साफ करण्याचं सगळ्यात वर.

तिनं विचारलं, सर, तुमची गाडी कोणती?

मी सांगितली. रंगही सांगितला. फिकट पिवळा.