मंजिरीच्या लाइनचे खराब पार्ट

मागच्या आठवड्यापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्यालाही नाही. आता तुम्हालाही सांगते.

अंबडच्या एका कारखान्यात मी डेटाचं काम बघते. पार्ट तपासले की त्यांची नोंद क्लाउडवर जाते. एका पार्टची एक ओळ, आणि त्या ओळीच्या पोटात त्याच्या दोषांची यादी. एसक्यूएल या डेटाच्या भाषेत क्वेरी लिहून ती यादी उलगडली, की प्रत्येक दोषाची वेगळी ओळ होते. तीन दोषांचा एकच पार्ट तीनदा दिसतो. मोजायचे होते पार्ट — मी मोजल्या ओळी.

एवढंच असतं तर?

मंजिरी माझी मैत्रीण, तपासणीची इंजिनिअर. बाकीच्या लाइनवर एक दोष सापडला की पार्ट बाजूला टाकत. ती सगळे दोष नोंदवायची. माझ्या रिपोर्टमध्ये साहजिकच तिची लाइन सगळ्यात वाईट निघाली. मीटिंगमध्ये ती आमच्या मॅनेजर सरांना म्हणाली, "एवढे पार्ट खराब असते तर मला दिसले नसते का?" आणि तिने माझ्याकडे बघितलं.

"क्वेरी मी नीट तपासलीये," मी म्हणाले. तपासली होती का? — नाही.

तिची लाइन काढून घेतली, तिला स्टोअरमध्ये बसवलं. पुढचा रिपोर्ट करताना माझी चूक माझ्या लक्षात आली. मी क्वेरी गुपचूप दुरुस्त केली. आकडे खाली आले. सर खूश — म्हणाले, माणूस बदलला, फरक पडला. मी — मी मान डोलावली. त्या दुपारी मंजिरीने नेहमीसारखी तिच्या डब्यातली भाजी मला वाढली, आणि मी ती खाल्ली.

वर्षं गेली. मागच्या आठवड्यात नव्या मुलींना हीच यादी उलगडायला शिकवत होते. "मॅडम, मग पार्ट दोनदा नाही का मोजला जाणार?" एकीने सहज विचारलं. तशीच उठून स्टोअरमध्ये गेले आणि मंजिरीला सगळं सांगितलं — मान डोलावल्याचंही.

ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याच नजरेत काहीतरी खोट आहे."

सरांनाही सांगितलं, सगळ्यांना लेखी कळवलं. तिची लाइन तिला परत मिळाली. मला किती मोकळं वाटतंय, ते सांगायलाही संकोच वाटतो — पण वाटतंय. मंजिरी आता माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबरच आहे.