चारशे चाळीसची रेषा

आमच्या धारच्या घरी एक जुना नकाशा आहे. मांडूचा डोंगर, त्याखालचं खोरं, ओढे आणि थेट नर्मदेपर्यंतची गावं. इंग्रजांच्या काळातला, मागे कापड लावलेला. वडील सिंचन खात्यात नकाशे काढायचे. कचेरीने तो टाकून दिला तेव्हा त्यांनी घरी आणला. त्यावरच्या उंचीच्या तपकिरी रेषा वाचायला मला त्यांनीच शिकवलं, आणि मला त्याची भलतीच घमेंड होती.

आत्या मनावर शहराच्या पलीकडे, नदीकाठच्या गावात राहायची. धरणाचं पाणी गावात येणार म्हणून तिला वर टेकडीवर नवी जागा मिळाली. सामान हललं, आत्या पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली, देव मात्र जुन्याच घरात. वास्तुशांत झाल्याशिवाय देव हलवायचे नाहीत, ही त्यांच्याकडची पद्धत, आणि नव्या घराला अजून छप्परच नव्हतं. आत्या रोज खाली जाऊन पूजा करून यायची.

एक दिवस तिचा फोन आला. "अगं, पटवारी म्हणतो, भगवान आज ही निकाल लो. मुहूर्त तर पंधरा दिवसांनी आहे. तू नकाशा बघून सांग बेटा, पाणी देवघरापर्यंत येईल का?"

पाण्याची पातळी दीडशेच्या आत राहणार, असं पेपरात आलं होतं. तिच्या घराजवळच्या रेषेवर चारशे चाळीस लिहिलेलं. मी हसले. म्हटलं, "पटवाऱ्याला काय कळतंय? तू खुशाल मुहूर्ताची वाट बघ."

चौथ्या दिवशी पाणी चढलं. रस्ता बुडाला, घर बुडालं. सासूने तिच्या हाती सोपवलेले चांदीचे देव आतच राहिले.

मी नकाशा पुन्हा काढला. त्याची खालची कड आत दुमडलेली होती, मी ती कधी उघडलीच नव्हती. तिथे छापलं होतं, उंची फुटांत. पेपरातला आकडा मीटरचा होता. चारशे चाळीस फूट म्हणजे जेमतेम एकशे चौतीस मीटर. इतकी लाज मला स्वतःची कधीच वाटली नव्हती.

सांगून टाकायचं ठरवूनच आत्याकडे गेले. शेडमध्ये पाटावर तांदूळ पसरून, देवांच्या जागी पाच सुपाऱ्या मांडून ती पूजा करत होती. दीर, जावा सगळे बसलेले. मी बोलणार, तेवढ्यात धाकटे दीर तिच्यावर तडकले, "वहिनी, पटवारीने बोला था ना? देव कसे विसरलात?"

आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वय झालं, भाऊजी," ती म्हणाली. "डोक्यातून निघूनच गेलं."

मी पाटासमोर बसून सुपाऱ्यांना हात जोडले. त्या घरात अजूनही सगळे तिलाच बोल लावतात.