बुटातला पुठ्ठा

ग्रंथालयाच्या तळघरात बसून बाइंडर फाटकी पुस्तकं शिवायचा. शिवता शिवता वाचायचा, आणि वाचायचा तेही काय, तर राज्य कशासाठी, कायदा कुणाचा, माणसाने हुकूम का पाळावा, असली दोन-तीनशे वर्षांपूर्वीची जाडजूड पुस्तकं. वरच्या मजल्यावरचे लोक त्याला ‘कायदेपंडित’ म्हणत. बायकोही म्हणायची, पण हसत नसे. जेवताना समोर बसूनसुद्धा हा माणूस सार्वभौम सत्तेचं दळण दळायचा. शेवटी ती कंटाळली आणि मुलीला घेऊन वेगळी राहू लागली.

आता त्याच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार उरला होता. मुलगी दहा वर्षांची. या वेळच्या भेटीनंतर चार दिवसांनी, गुरुवारी, कोर्टातल्या समुपदेशक बाई तिला एकटीला बसवून विचारणार होत्या, बाबांकडे यापुढे यायचंय का. ती नाही म्हणाली, तर तो रविवारही जाणार होता.

म्हणून त्याने फोनवर तिलाच विचारलं, “बोल, कुठं जाऊया?”

“थीम पार्कला! मोठ्या रोलर कोस्टरवर. पण बाबा, माझी उंची बोटभर कमी आहे. मागच्या वेळी आईबरोबर गेले होते, तर परत पाठवलं.”

पुठ्ठा म्हणजे त्याच्या हातचा मळ. तिचे घोट्यापर्यंतचे बूट त्याच्याकडेच राहिले होते. त्यांच्या मापाने त्याने पुठ्ठ्याचे थर कापले, खळीने चिकटवले, वजनाखाली दाबून वाळवले आणि वर निळं बाइंडिंगचं कापड चढवलं. रविवारी सकाळी मुलीने ते बूट घालून खोलीभर चालून दाखवलं आणि कधी नव्हे ती त्याच्या गळ्यात पडली. “बाबा, तुला असलंही येतं?” इतकं सुख त्याला कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं.

रांगेत दीड तास गेला. डोक्यावरून डबे उलटे होऊन जात होते आणि आतली माणसं जीव खाऊन किंचाळत होती. बाइंडर वर बघत राहिला. पट्टीपाशी पोचेपर्यंत त्याने मुलीचा हात सोडला नाही. रखवालदाराने मुलीला पट्टीशी उभं केलं. उंची बरोबर भरली.

“चल बाळ, पुढे. बाबा, तुम्हीही बसा तिच्याशेजारी.”

तिने पायरीवर पाऊल ठेवलं.

“थांबा,” बाइंडर म्हणाला, “तिच्या बुटात पुठ्ठा आहे.”

मागची रांग खो खो हसली. रखवालदाराने कपाळाला हात लावला. “मग इथवर आणलंत कशाला हो?” मुलीने सगळ्यांदेखत खाली बसून बूट काढले, निळे पुठ्ठे बापाच्या हातात दिले आणि मान खाली घालून बाहेर आली.

बाकावर बसून त्याने तिला समजावलं. कायदा सगळ्यांना सारखा, आपणच पळवाटा काढल्या तर समाज कसा चालणार, वगैरे. तिने आइस्क्रीमलाही हात लावला नाही.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, “तू घाबरलास ना?”

“छे गं. तत्त्वाचा प्रश्न होता.”

“तुझा हात थरथरत होता. मी धरला होता ना.” मग ती म्हणाली, “घाबरलो म्हणाला असतास, तर मी स्वतःच रांगेतून बाहेर आले असते.”

माणसं भीतीपोटीच राज्य उभारतात, हे त्याने कितीदा वाचलं होतं आणि दर वेळी मान डोलावली होती. आता एक ‘हो’ म्हणायचं होतं, तेवढं त्याच्याने झालं नाही.

“नियम म्हणजे नियम,” तो खिडकीकडे बघत म्हणाला.

गुरुवारी दुपारी तळघरातला फोन वाजला. बायको होती.

“ती नको म्हणाली. मी काही शिकवलं नाही हो तिला.”

“कारण सांगितलं?”

“म्हणाली, बाबा खरं बोलत नाही.”

त्याच्या हातावरची खळ वाळून गेली तरी तो तसाच उभा होता. “हो, घाबरलो होतो,” तो शेवटी म्हणाला. तोवर तिने फोन ठेवला होता.