सुप्यातलं आमचं स्टेशन

आमच्या सुप्यात रेडिओ स्टेशन होतं! हसू नका, खरंच सांगते. दादाचं मोटार स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. तिथं त्यानं रेकॉर्डी वाजवायचं मशीन मांडलं, समोरच्या लिंबावर भोंगा बांधला आणि रोज संध्याकाळी गाणी सुरू! आणि मधे माईकवर बोलायची कोण? मी! नुकतीच मॅट्रिक झालेली त्याची धाकटी बहीण.

"आता वरच्या आळीतल्या नव्या सूनबाईंची फर्माईश," असं मी म्हटलं की सगळा स्टँड खिदळायचा. आई करवादायची, "पोरीचा आवाज गावभर! कोण करील हिला?"

"अगं, आवाज ऐकूनच येतील की बघायला," दादा म्हणायचा.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. सरपंच दुकानात आले, म्हणाले, "टँकर दिसला की भोंग्यावर पुकारत जा." दादा लगेच हो म्हणाला. गाणी त्यानं आपणहून थांबवली, बरं दिसत नाही म्हणून. भोंगा नुसता खरखरला तरी खडी फोडायला गेलेल्या बाया हंडे घेऊन पळत सुटायच्या.

एका दुपारी शेजारच्या हाटेलातले म्हातारबाबा म्हणाले, "पोरा, लई दिस झालं. कायतरी गोड ऐकव की."

दादाचा चेहरा असा फुलला! शर्टानं रेकॉर्ड पुसली, लावली. पहिलं कडवं संपायच्या आत रस्त्यावर धुरळा उठला. बाया आल्या. हंडे, कळशा, एकीच्या हातात तर नुसतं पातेलं. धापा टाकत उभ्या राहिल्या.

"गाणं हाय व्हय?" एका म्हातारीनं विचारलं. "पानी न्हाई?"

दादानं सुई उचलली. "न्हाई, मावशे."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हातारीनं हंडा पालथा घातला, त्यावर बसली, दम खाल्ला आणि गेली. तिच्या मागनं बाकीच्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरी भरल्या. मी दादाच्या मागंच लागले, लाव, लाव! शेवटी लावलं एकदाचं. मी नाचायचीच बाकी होते. आणि शेजारच्या हाटेलवाल्याची बायको पिठाचे हात तसेच घेऊन हंड्याकडं धावली. हंडा कमरेवर घेतला, मग तिला आठवलं, आणि ती ओशाळून हसली.

दादा हसला नाही. मशीन बंद करून लिंबावर चढला, भोंग्याच्या दोऱ्या सोडायला लागला.

"दादा, जाईल की सवय त्यांची!" मी खालून ओरडले.

"त्यांची जाईल गं," तो म्हणाला. "मी मातर गाणं लावलं की रस्त्याकडंच बघत बसतो."

मी हात वर केले आणि भोंगा खाली घेतला.