बाबांची सात हजार तीस

बाबा गेले तेव्हा सगळ्यांना कळवून झालं. गावाकडचे, गिरणीतले, मजल्यावरचे. राहिला एकच, केरळातला एक म्हातारा. बाबांनी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण रोज दिवेलागणीला हॅम रेडिओवर मोर्स ठोकत दोघांच्या गप्पा चालायच्या. त्याचा फोन कधीचा बंद होता. म्हटलं, याला रेडिओवरच गाठायचं. घाईही होती. नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीपासून समोरच्या चाळीपर्यंत बाबांनी एरियलची तार ओढली होती, आणि समोरची चाळ आता पाडणार होते. तार गेली की विषय संपला.

"कपडे वाळत घालायच्या पण कामाची नाय तुझ्या बापाची तार," शेजारच्या काकू म्हणायच्या. त्यांना काय सांगणार?

मोर्स मला बाबांनीच शिकवलं. लायसन्स माझंही आहे, पण माझा सेट नवा, आकडे दाखवणारा. मोर्सवाल्यांच्या एकमेकांना हाक मारायच्या जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ठरलेल्या असतात. तिथे जाऊन आधी ऐकायचं, जागा मोकळी आहे का विचारायचं आणि मगच हाक घालायची. मी घाई केली की बाबा मालवणीत दटावायचे, "आदी आयक गो, मगे ठोक." त्यांची जागा सात हजार तीस, घरात सगळ्यांना पाठ. कित्येक संध्याकाळी मी तिथे कान लावून बसले. कोण कोण भेटलं, तो सोडून. माझी नुसती चिडचिड व्हायची. हाही गेला की काय, असंही मनात येऊन गेलं.

आम्हालाही चाळ सोडायची होती; सामान बांधताना बाबांनी स्वतः बनवलेला जुना सेट निघाला. चालतो का बघू म्हणून लावला आणि मोर्स ठोकायची की दाबली. शेजारी माझा सेट सात हजार तीसवरच होता, पण त्यात काहीच वाजेना. की दाबून धरत माझ्या सेटची डायल खाली खाली फिरवत गेले, तेव्हा कुठे तो सूर सापडला. बाबांच्या सेटची जागा ठरवणारा आतला क्रिस्टल जुना होऊन घसरला होता आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या सेटवर आकडे होतेच कुठे! ते बापडे भलत्याच जागी हाका मारत बसायचे, आणि तो म्हातारा त्यांची चूक न काढता रोज तिथे उतरून त्यांना भेटायचा. मला हसू आलं आणि मग रडूच कोसळलं.

संध्याकाळी त्या जागेवर कान लावला. आधी नुसती खरखर. मग कोणीतरी बाबांची कॉलसाइन, त्यांचं हवेतलं नाव, सावकाश ठोकायला लागलं. गेलेल्या माणसाला इतक्या निवांतपणे कोणी हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी बाबांचीच की घेतली. ते नेहमी आधी दोन टिंबं टाकायचे, दारावर टकटक करावी तशी. माझ्याही हातून तीच पडली. तिकडून धो धो सुरू झालं. कुठे होतास? तब्येत बरी ना? माझ्या हाताचं वळण बाबांचंच, त्याला बाबाच ठोकतायत असं वाटलं. मी पाठवलं, मी मुलगी, बाबा गेले.

 मग त्याने ठोकलं, "तुझा हात त्याचाच आहे. काहीतरी पाठवत राहा." मी चाळीचं, नळाचं, बांधलेल्या खोक्यांचं, सुचेल ते पाठवत राहिले. शेवटी त्याने निरोप घेतला. मी सुटले. एकदाचं कळवून झालं.

लगेचच समोरची चाळ पाडायला घेतली आणि तार उतरली. आता आम्ही टॉवरमध्ये. गच्चीवर तार लावू देत नाहीत. खिडकीच्या ग्रिलला वायरचा तुकडा बांधलाय. त्यावर ऐकू येतं, पण पाठवलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

एकदा दिवेलागणीला सहज बाबांच्या जागेवर गेले. तो होता. बाबांनाच हाक मारत होता.

तेव्हापासून रोज ऐकते. वय झालंय, विसरला असेल. पोचत असतं तरी बाबा गेले हे त्याला पुन्हा सांगायला माझा हात उचलला नसता. हाक मारून झाली की तो उत्तरासाठी थांबतो. तेवढा वेळ मीही श्वास रोखून बाबांची वाट बघते.