महाजन मॅडमचा प्रश्न

असाइनमेंटचा विषय लिहून नेला की महाजन मॅडम कागद न वाचताच उलटा ठेवायच्या. "तोंडी सांग." मी फोपनारहून बसने बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात यायचे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मी ऐटीत म्हटलं, "बुऱ्हाणपूरचा यंत्रमाग उद्योग."

"हा तर चौक झाला गं बाई. गल्ली सांग. गल्लीतलं घर सांग. त्या घरात कोणाला काय पूछणार, ते सांग."

त्यांनी मला इतकं पिटाळलं, की एकदा मी जिन्यात बसून रडले. शेवटी प्रश्न माझ्या मामीच्या घरात सापडला. मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं काम मामी दिवसभर करते, मग विणकर फक्त मामालाच का म्हणतात? मॅडम खुलल्या. "अब आया! प्रश्न असा पाहिजे, समोरच्याला हो-हो करून सुटता नाही आलं पाहिजे."

मग त्यांनी मला एक पुस्तक वाचायला लावलं. यंत्रमागाच्या घरांवरचं, त्यांच्या पीएचडीच्या गाइडनी लिहिलेलं. त्यात होतं, की बायका रिकाम्या वेळात हातभार लावतात. मी चिडून मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्या स्वतः कांड्या भरत शिकलेल्या. पीएचडीला हाच विषय घेऊन त्या या गाइड सरांकडे गेल्या, तर सर म्हणाले, "यात संशोधन काय आहे? विषय बदला." त्यांनी बदलला. मग सरांनी त्या पहिल्या विषयावर स्वतःच हे पुस्तक काढलं, तेही एकाही घराचा उंबरा न ओलांडता. तेव्हापासून मॅडमचे विद्यार्थी दर वर्षी त्या पुस्तकातलं एखादं पान खोटं पाडत होते. या वर्षी पाळी माझी होती, आणि मी आनंदाने तयार होते.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून मॅडमनी खटपट करून सरांनाच बोलावून घेतलं.

"ये प्रश्न किसने दिया?" सर मला म्हणाले.

"माझाच आहे, सर."

"मेरी किताब नहीं पढ़ी?"

"वाचली. त्यातला रिकामा वेळ माझ्या मामीला कधी मिळालाच नाही."

सरांचा चेहरा उतरला. मॅडम अदबीनं म्हणाल्या, "सर, पाणी घ्या ना." मला आतून गुदगुल्या होत होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "झालं ना मॅडम आता?"

"अभी कहाँ! सगळ्यांसमोर तो सांगेल ना, विषय माझा होता म्हणून, त्या दिवशी झालं."

गेल्या हिवाळ्यात मॅडम वारल्या. तो दिवस त्यांना दिसला नाही, याचा मला अजून संताप येतो. शोकसभेला सर आले. म्हातारे झालेत, पण माइक सोडवत नाही. म्हणाले, "माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी. मीच घडवली तिला." लोक डोळे पुसू लागले. माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले.

"सर, मॅडमनी तुमच्याकडे पहिल्यांदा कोणता विषय आणला होता?"

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी मान हलवली, हसल्यासारखं केलं, खिशातला रुमाल काढला. इथे हो-हो करून भागणार नव्हतं. मी पुढे गेले आणि टेबलावरचा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"पाणी घ्या, सर," मी म्हटलं. "आम्ही थांबतो."