शाफ्टची आरती

तेजराम नेवारे रागावला की बोलत नसे, कामाला लागत असे. भिलाईच्या कारखान्यात त्याने उभा जन्म रोलिंग मिलच्या यंत्रांखाली काढला. निवृत्त होऊन भिलाईतल्याच वैशाली नगरात आला तेव्हा सोबत जुनी मोटार होती, चारही चाकांनी ओढणारी. चिखल असो की चढण, ती अडत नसे.

ती पहिल्यांदा अडली भाच्याच्या लग्नाला जाताना, शिवनाथ नदीच्या काठावरच्या चिखलात. पुढची चाकं गरगरली, मागची मुकी. त्याच्या बायकोला, सिंधुताईला, नव्या लुगड्यानिशी गाडी ढकलावी लागली. वऱ्हाडी खदाखदा हसले. तेजराम गाडीखाली शिरला, तर मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच गायब! गाडी नुकतीच शेजारच्या कोहका वस्तीतल्या बबलूच्या गॅरेजातून आली होती. त्या बबलूला पाना धरायला तेजरामानेच शिकवलं होतं.

"जाऊन कान पिळा त्याचा," सिंधुताई म्हणाली.

"कान पिळला तं घडीभर दुखते. मले त्याले जनमभर दुखवाचं हाय."

भंगारातून त्याने तसाच शाफ्ट शोधून आणला. अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवली. गंजलेले सांधे ठोकून मोकळे केले, त्यांत फिरते नवे क्रॉस बसवले, ग्रीस भरलं. उताणा पडून बोल्ट आवळताना तो दर आवळणीला दात खाई, "बबल्या!"

"बोल्ट तुटन नं," सिंधुताई चहा ठेवून म्हणे. "त्याची मान नोहे ते."

विश्वकर्मा पूजेला शाफ्टवर हळदकुंकू वाहून तो कोहक्याला गेला. गॅरेजात गिऱ्हाइकांची आणि कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांची दाटी. बबलू एकेका गाडीला ओवाळत होता. तेजरामाने मोटार सरळ दुरुस्तीच्या खड्ड्यावर नेऊन लावली.

"काका, आज औजाराले हात लावत नसतेत."

"हात नको लावू. आरती कर. खालून."

"खालून कावून?"

"बॉनेटची तं सारेच करते. उतर."

देवाच्या दिवशी नाही म्हणता येईना. बबलू ताट घेऊन उतरला. लोक वाकून पाहू लागले. ज्योतीच्या उजेडात कुंकू माखलेला शाफ्ट झळकला.

"ये तो दूसरा डाला है," गाडी ओळखणारा एक जुना सोबती म्हणाला. "पुराना कहाँ गया?"

"बबलूले विचारा," तेजराम म्हणाला.

बबलूने ताट खाली घेतलं. "चुकी झाली, काका. दुसऱ्याच्या गाडीले लावला."

वर एका गिऱ्हाइकाने खिळ्यावरची आपल्या गाडीची किल्ली काढली. मग दुसऱ्याने.

"काका, हात जोडतो. वर येऊ द्या."

तेजराम खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसला.

"येजो नं, बापू. पण आरती अर्धी सोडू नाही. अजून चार चाकं राह्यली."